साडूचं कुलूप

लाँड्रीतल्या प्रत्येक यंत्राची नस तिथल्या वायरमनला ठाऊक होती. हॉस्पिटलच्या चादरी धुणारं असो की वाळवणारं, बंद पडलं की हाक त्यालाच. सगळे त्याला दादा म्हणायचे. बरं चाललं होतं. मग मालकांनी सुरक्षा अधिकारी नेमला आणि तो निघाला नेमका दादाचा धाकटा साडू.

घरी हे दुखणं आधीपासूनच होतं. सासूबाईंच्या तोंडी ऊठसूट 'आमचे धाकटे जावई'. धाकट्यांचं बोलणं गोड, धाकट्यांची माया मोठी. सासूबाईंच्या घरातलं सगळं वायरिंग दादाने केलेलं, पण त्याच दिव्याखाली बसून कौतुक व्हायचं ते धाकट्याचं. आता तोच माणूस कामावरही डोक्यावर येऊन बसला होता.

धाकट्याने आल्या आल्या नियम काढला. यंत्र उघडायचं तर आधी त्याचा मेन स्विच बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची आणि टेस्टरने तपासूनच आत हात घालायचा.

"साडूभाऊ, हे तुमचं," म्हणत त्याने लाल कुलूप पुढे केलं.

"मी वायरमन आहे, वॉचमन नव्हे!" दादा म्हणाला. चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायका खो खो हसल्या. धाकटाही हसला, अगदी मनापासून. दादाला तेच जास्त झोंबलं.

एका दुपारी वाळवणयंत्राची मोटर अडली. दादाने स्विच बंद केला आणि तसाच निघाला. कुलूप हत्यारांच्या पेटीत तळाशी पडलं होतं. तेवढ्यात जिन्यावर उभा असलेला धाकटा दिसला.

'बघतोय. रविवारी सासूबाईंच्या कानावर घालेल.' दादाने दातओठ खात कुलूप अडकवलं, टेस्टर लावून पाहिला आणि यंत्रामागे बसून दोन्ही हात आत घातले.

थोड्या वेळाने स्विचच्या पॅनेलकडून खाट् असा आवाज आला. मग पुन्हा खाट्.

"अगं बाई, हा स्विच चालू का होत नाही?"

दुसऱ्या पाळीची बाई नुकतीच आली होती. यंत्रामागचा दादा तिला दिसलाच नव्हता. ती स्विचचा दांडा रेटत होती आणि दांडा कुलपाला अडत होता. दादाच्या बोटांत मोटरच्या तारांची उघडी टोकं होती.

तो हात काढून यंत्रामागून पुढे आला. बाई रडायलाच लागली. धाकटा धावत आला, पाणी दिलं आणि एवढंच म्हणाला, "लागलं नाही ना?"

दादा टोमण्याची वाट पाहत राहिला. टोमणा आला असता, तर दोन शिव्या हासडून फिटंफाट करता आली असती. पण हा मेला चांगलाच वागत होता!

रविवारी सासूबाईंकडे जेवताना धाकट्यानेच विषय काढला. "नियम सांगणारे शंभर असतात, आई. साडूभाऊंनी तो पाळला, म्हणून निभावलं."

सासूबाई भाजीचं भांडं घेऊन प्रथमच आधी दादाकडे वळल्या. "जपून हो, जावईबापू. तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त."

किती वर्षांनी हे कौतुक पानात पडलं होतं, आणि तेही धाकट्याच्या हातून!

परतताना तो बायकोला म्हणाला, "तुझ्या बहिणीचा नवरा मला सहन होत नाही. जीव वाचवला, तरी नाही."

"नका करू सहन," ती म्हणाली. "हेवा करायला धडधाकट घरी आलात, मला तेवढं पुरे."

हेवा काही गेला नाही. उलट धाकट्यापेक्षा आपण काकणभर सरसच, हे दाखवायचं दादाने मनावर घेतलं. आता कुणी कुलपाशिवाय झाकणाला हात लावला की तो लांबूनच ओरडायचा, "मरायचंय का? आधी कुलूप!" चिरलेली वायर, पाण्यात पडलेला प्लग, काही त्याच्या नजरेतून सुटेना.

एकदा धाकट्यासमोरच एक बाई कुरकुरली, "साहेब, तुम्ही परवडलात, पण हे दादा नकोत!"

दादाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि पुढच्या पॅनेलकडे जाता जाता मिशीतल्या मिशीत हसला.