माझी सुलट बाजू कोणती?

मित्रांनो, मी एक वाकळ आहे. तुमच्यापैकी काही जण मला गोधडी म्हणतील. मी जुनी आहे, परंतु माझ्या पोटातली वस्त्रे माझ्याहूनही जुनी आहेत; त्यामुळे माझे वय नेमके किती, हे मला सांगता येत नाही. माझा जन्म यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीपासून दोन कोसांवरच्या एका वस्तीत, १९५९ सालच्या वैशाखात झाला, एवढे निश्चित. त्यापलीकडे माझ्या जीवनात निश्चित असे फार थोडे आहे. माझी सुलट बाजू कोणती आणि उलट कोणती, हेही मला आजवर उमगलेले नाही. हा संभ्रम कसा उत्पन्न झाला, तेच तुम्हांला सांगते.

मला प्रथम हात लावला तो सुखीबाईंनी. उकंडाजींच्या या पत्नीची शिवण साऱ्या वस्तीत मानली जात असे. अडीच वर्षांपूर्वी पतीसह नागपूरला जाऊन त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्या दिवशी नेसलेले पांढरे लुगडे त्यांनी धुऊन, घडी घालून पेटीत ठेवले आणि पुन्हा कधी नेसल्या नाहीत. माझ्यासाठी त्यांनी ती घडी मोडली. जमीन सारवून ती वाळू दिली, आणि ते पांढरे लुगडे तळाशी अंथरले. त्यावर उकंडाजींची विरलेली धोतरे आली, मुलाचे, पंजाबरावांचे, सदरे आले, आणि सर्वांत वर सुखीबाईंचे हिरवे लुगडे आले. चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले गेले. एकमेकांना न ओळखणारी ती वस्त्रे तशीच दडपून पडली होती. त्यांतले 'मी' कोणते, हे मला तेव्हाही कळले नाही.

एवढ्या जिव्हाळ्याची वस्त्रे काढण्यास कारणही तसेच होते. त्यांची मुलगी कोकिळा बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि फाल्गुनात तिला कन्या झाली होती. लेक पहिले बाळ घेऊन सासरी निघाली की आजीच्या हातची वाकळ तिच्यासोबत जावी, अशी त्या घराची रीत होती. जावई बाबाराव पुसदच्या शाळेत शिक्षक होते. ते बुद्धजयंतीला येणार आणि दुसऱ्याच दिवशी कोकिळेला घेऊन जाणार, असे ठरले होते.

सुखीबाई कोपऱ्यापासून आरंभ करीत. काठाकाठाने सुई चालवीत, चारही बाजू फिरून पुन्हा त्याच कोपऱ्याशी येत, आणि दोन बोटे आत सरकून दुसरा फेरा धरीत. अशा फेऱ्यांनी काठाकडून मध्याकडे जायचे. उजव्या हाताची ती जणू प्रदक्षिणाच होती. सुईपुढे वरच्या कापडाचा किंचितसा झोळ सरकत राही. पुढचा फेराही त्याच दिशेने गेला, की तो झोळ मुकाट्याने मध्याकडे जाऊन विरून जाई.

सात फेरे झाले. आठव्याला सुखीबाईंनी सुई डोळ्यांजवळ धरली, दूर धरली, पुन्हा जवळ आणली. दोरा नेढ्यात जाईना. मोतीबिंदू वर्षभर चोरपावलांनी येत होता. त्या दुपारी तो पुरता येऊन बसला.

"कौसल्ये, इकडे ये वं," त्यांनी सुनेला हाक मारली. "आता तुलेच चालवा लागते हे."

कौसल्या गेल्याच वर्षी या घरात आली होती. तिची आई लहानपणीच वारली होती, म्हणून तिला वाकळ शिकवणारे कोणी नव्हते. तिने सुई घेतली ती डाव्या हाताने. तिची सारी कामे डाव्या हातानेच होत.

सुखीबाईंनी चाचपून पाहिले आणि त्या ताठ झाल्या. "काहून वं, डाव्या हातानं धरतं का? उजव्यात घे. हे वाकय पुसदले जाते. माह्या हातची दिसली पायजे. मधातच दुसरा हात दिसला तं लोकं काय म्हणतीन?"

"आत्याबाई, डावं-उजवं, शुभ-अशुभ, हे तं आपून सोडलं न?" कौसल्या हळूच म्हणाली.

"शुभ-अशुभ सोडलं, पोरी. शिवण थोडीच सोडली?"

असे बोलून सुखीबाईंनी सुई तिच्या उजव्या हातात दिली. आपण बोललो ते बरोबर की चूक, याचा उलगडा त्यांना झालेला दिसला नाही. मलाही झाला नाही.

कौसल्या उजव्या हाताने शिवू लागली. तिचे टाके कुठे लांब, कुठे आखूड पडत. ओळ कधी काठाकडे झुके, कधी मध्याकडे. बोटाला चिंधी गुंडाळूनही सुई रुतत असे. सायंकाळी सुखीबाई त्या ओळीवरून बोट फिरवीत आणि ती उसवीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आठव्या फेऱ्यात प्रवेश करी आणि पुन्हा सातव्यावर येई. आपण घडत आहोत की मोडत आहोत, हे मला समजेना.

बाळाला मांडीवर घेऊन कोकिळा ओसरीवरून पाहत असे. "वयनी, हे वाकय हाय का नांगरलेलं वावर?" ती हसून म्हणे.

"पेरा मंग त्याच्यात तूर, बाई," कौसल्याही हसून उत्तर देई. परंतु मान खाली घातली, की तिचा श्वास माझ्यावर जड पडे. तिला फार काही नको होते, मित्रांनो. सासूबाईंनी एकदा ओळीवरून बोट फिरवावे आणि "जमलं" म्हणावे, एवढेच हवे होते.

बुद्धजयंतीला नऊ दिवस उरले, तेव्हा तिचा धीर सुटला. सुखीबाई दोन दिवस शेजारच्या लग्नघरी असताना तिने सुई डाव्या हातात घेतली. काय सांगू! तोच हात, जो इतके दिवस मांडीवर पडून होता, तो असा धावला, की तांदळाच्या दाण्यांसारखे टाके एकामागून एक उमटले. मात्र डावा हात निघाला तो कोपऱ्यापासून दुसऱ्या दिशेने. सुखीबाई जिकडून आल्या होत्या, तिकडेच तो निघाला. दोन दिवसांत तीन फेरे झाले. टाके देखणे होते, परंतु माझ्या अंगाला पीळ पडला. सात फेऱ्यांनी झोळ एकीकडे लोटला होता. नवे तीन फेरे तो परत लोटू लागले. मध्ये तिरप्या चुण्या उठल्या. कोणाचे ऐकावे, हे मला कळेना. पुढे जायचे म्हणजे कोणत्या बाजूला जायचे?

तिसऱ्या दिवशी सुखीबाईंचा तळहात त्या चुण्यांवर आला.

"हे काय होय? वाकय पीय मारून राह्यली." मग त्यांचे बोट टाक्यांवरून फिरले आणि थबकले. "टाका तं सारका हाय. कोणाचा हाय हा?"

कौसल्येने सुई खाली ठेवली. "माह्या डाव्या हाताचा, आत्याबाई. चुकलं माह्यं. आता उसवून टाकतो सारं."

कोकिळा ओसरीवरून म्हणाली, "माय, राहू दे आता. मी अशीच जाईन. सासूले सांगीन, डोये गेले मायचे."

हे ऐकून सुखीबाईंचा चेहरा उतरला. डोळे गेले हे त्यांनी मानले होते. हात गेला हे मानणे त्यांना जमत नव्हते. मग त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. कौसल्येला सुई उचलायला लावली आणि तिच्या डाव्या मनगटावर आपली बोटे ठेवली. "चाल, शिव," त्या म्हणाल्या. कौसल्या घाबरत घाबरत शिवू लागली. ते मनगट कसे वळते, कुठे थांबते, दोरा कोणत्या अंगाने ओढते, हे सुखीबाई डोळे मिटून पाहत होत्या. मध्येच त्या पुटपुटत, "असं नाई... असं... थांब..." आणि पुन्हा बोटे मनगटावर सरकवीत.

शेवटी त्या म्हणाल्या, "हे तीन फेरे उसव. आन वाकय उलटी घाल."

कौसल्येला वाटले, आता सारेच संपले. आपल्या हाताची ही शिक्षा आहे. तिने टाके उसवले आणि डोळे पुसत मला उलटे केले. हिरवे लुगडे जमिनीला टेकले आणि नागपूरचे पांढरे लुगडे आकाशाकडे आले.

"आता त्याच कोपऱ्यातून तुह्या डाव्या हातानं चाल."

कौसल्या निघाली. तिची बोटे नेहमीच्याच, डाव्या दिशेने गेली. परंतु आता ती माझ्या पाठीवर होती; आणि पाठीवरून पाहिले, तर सुखीबाईंचे फेरेही त्याच दिशेने गेलेले होते! झोळ निमूटपणे पुढे सरकला. एकही चुणी उठली नाही.

"माये, तू माह्या समोरून येऊन राह्यली होती," सुखीबाई म्हणाल्या. "दोघी टक्करत होतो. मांगून येशीन तं संगं चालू."

पुढचे सहा दिवस कौसल्या पांढऱ्या बाजूने शिवत राहिली. जयंतीच्या सकाळी मध्याशी शेवटचा टाका पडला. सुखीबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. कौसल्या सुई हातात धरून उभी होती. "गाठ पक्की मार," एवढेच त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. तो एक शब्द काही आला नाही. त्यांना मी आवडले की नाही, हे ना कौसल्येला कळले, ना मला.

निघताना कोकिळेने मला उलटसुलट करून पाहिले. "माय, याची सुलट बाजू कोणची वं? हिरवी का पांढरी?"

"हिरवी," सुखीबाई म्हणाल्या.

"पांढरी," कौसल्या त्याच क्षणी म्हणून गेली आणि तिने जीभ चावली.

"पांघरून पाह्य, मंग तूच सांग," सुखीबाई कुरकुरल्या, आणि मोटार आली.

पुसदला माझे दिवस चांगले गेले. कोकिळेची मुलगी विजयमाला माझ्यावरच पालथी पडली, माझ्यावरच रांगली. तिने मला कितीदा भिजवले याची गणती नाही. तेवढ्याच वेळा मी उन्हात वाळले. शेजारणी मला उचलून पाहत आणि विचारीत, "कोणाच्या हातची हाय हो?" कोकिळा अभिमानाने सांगे, "माह्या मायच्या हातची." ते खरे होते आणि खरे नव्हतेही. पहिले सात फेरे बरोबर मान डोलावीत. उरलेले सारे फेरे गप्प राहत. मला वाचा असती, तर मी तरी काय उत्तर दिले असते?

नंतर बाबारावांनी बाजारातून फुलाफुलांची रजई आणली. मी पेटीखाली गेले. पुढे कुणी माझ्यावर तूर वाळत घातली, कुणी माझ्यात भांडी बांधली. एक कोपरा उंदरांनी कुरतडला. त्या काळात मी पुष्कळदा विचार करी, की जिला स्वतःची सुलट बाजू ठाऊक नाही, तिला उलटी टाकली तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

सात वर्षांनी, १९६६ च्या उन्हाळ्यात, कोकिळा माहेरी आली ती माझ्यातच भांड्यांचे गाठोडे बांधून. कौसल्येने मला पाहिले. भांडी काढून तिने मला नदीवर नेले, धुतले, वाळवले आणि कुरतडलेल्या कोपऱ्याला ठिगळ लावायला ओसरीवर बसली. आता वस्तीतल्या बायका तिच्याकडेच शिकायला येत. सुखीबाईंना काहीच दिसत नव्हते. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि विजयमाला त्यांच्याजवळ होती.

"आण इकडे थे वाकय," सुखीबाई म्हणाल्या. "पोरीले दाखवतो, टाका कसा असते."

त्यांची बोटे काठापासून निघाली. एक फेरा, दुसरा, तिसरा. सातवा आला आणि मागे पडला. बोटे थांबली नाहीत. कौसल्येचा हात ठिगळावर थांबला. बोटे आणखी आत गेली, पार मध्यापर्यंत आली, आणि एका ओळीवर स्थिरावली. सुखीबाईंच्या मुखावर असे समाधान उमटले, जे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

"हे पाह्य, माये. हा टाका. हा माह्या हातचा हाय. ना लांब, ना आखूड. असा जमला पायजे."

विजयमालेने मान वर केली. "मामी, हे आजीचं हाय?"

कौसल्येच्या डाव्या हातात सुई होती. ती तशीच धरून तिने त्या ओळीकडे पाहिले. सात वर्षांपूर्वीच्या त्या सहा दिवसांकडे पाहिले.

"हो," ती म्हणाली. "आजीचंच हाय." आणि तिने मान वळवली.

सुखीबाईंची बोटे चुकली होती, की त्यांनी जाणूनबुजून असे म्हटले, याचा निर्णय मी आजही करू शकत नाही. सात फेरे कुठे संपतात, हे त्या हाताला ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. आणि ठाऊक असूनही तो हात असे बोलेल, असेही वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वाकळ असेल. तिला उन्हात घाला, सुटलेला टाका वेळीच धरा, तिच्यात भांडी बांधू नका. आणि घरात कोणी डाव्या हाताने काम करीत असेल, तर त्याचा हात बांधू नका. काम उलटे घालून पाहा. वाकळ कोणाच्या हातची, असे तुम्हांला कोणी विचारलेच, तर चटकन एक नाव सांगून मोकळे होऊ नका. आधी घरात विचारून घ्या. शिवणारे हात अजून ओसरीवर बसलेले असतील, तोवरच विचारून घ्या.