अंगणाचा ठराव

एवान्थियाला इटलीतल्या मासेराता शहरातल्या त्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन आठ दिवस झाले होते, आणि आठ दिवसांत तिच्याशी कोणी एक धड वाक्य बोललं नव्हतं. वोलोसहून कायदा शिकायला आलेली ग्रीक मुलगी, हिला आपली भाषा कुठून येणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. शेजारच्या खोलीतली लेच्चेची लोरेदाना हातवारे करत विचारायची, "तू... कॉफी... पिणे?"

"आपली अनुमती असल्यास साखरेविना ग्रहण करीन," एवान्थिया म्हणायची.

लोरेदाना हसून हसून लाल व्हायची. एवान्थियाला इटालियन शिकवली होती एका निवृत्त वकिलाने, जुनी निकालपत्रं समोर ठेवून. तिने टोमॅटो मागितले तरी समन्स बजावल्यासारखं वाटायचं. समोरच्या दारातल्या पिएरीनाबाई तर जिन्यात भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. "जाऊ द्या नोटरीबाईंना. नाहीतर शिक्का मारतील."

एवान्थियाला या लोकांची कीव यायची. स्वतःच्याच भाषेतली निम्मी क्रियापदं गिळून टाकायची, आणि वर हसायचं हिला.

घरमालकीण फेरनान्दाबाई आंकोनाला राहायच्या. खोलीतलं अर्धं कपाट त्यांच्या कोटांनी अडवलेलं होतं. दारावर नियम चिकटवलेले: खिळा ठोकायचा नाही, मासे तळायचे नाहीत, दहा मिनिटांपेक्षा जास्त अंघोळ नाही. नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. "इमारतीची सभा आहे. मला जमणार नाही, तुझ्या नावाने मुखत्यारपत्र पाठवते. व्यवस्थापक स्काराबेल्लींनी सांगितलं की हात वर करायचा. कळलं? हात. वर."

"माझ्या आकलनात उणीव राहिलेली नाही," एवान्थिया म्हणाली.

सभा तळमजल्यावर, सायकली ठेवायच्या खोलीत भरली. अकरा माणसं, सात खुर्च्या. स्काराबेल्लींनी चष्मा चढवून ठराव वाचला: "सामायिक खुल्या क्षेत्राचा प्रचलित उपभोग, वस्त्रांच्या शुष्कनासह, संपुष्टात आणून सदर क्षेत्र तळमजल्यावरील आस्थापनेच्या अभ्यागतांच्या वाहनांस अनन्यत्वाने उपलब्ध करण्यात यावे."

सगळे माना डोलवत होते. सगळ्यांत जास्त पिएरीनाबाई. एकजण मोबाइलवर फुटबॉलचा स्कोअर बघत होता, तोही डोलवत होता. हात वर जाऊ लागले.

"तुमचा हात, सिन्योरीना," स्काराबेल्ली म्हणाले.

"या ठरावाचा आशय उपस्थितांना विदित आहे काय?"

"आशय कसला? सुधारणा आहे."

एवान्थियाने आजूबाजूला पाहिलं. यांतल्या एकालाही अक्षर कळलं नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती. ती पिएरीनाबाईंकडे वळली आणि शब्द शोधत, सावकाश, साधं बोलली. "उद्यापासून अंगणात कपडे वाळत घालायचे नाहीत. तिथे तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरच्या पेशंटांच्या गाड्या लागणार. दुसऱ्या कोणाच्या नाहीत."

पिएरीनाबाईंचा हात झटकन खाली आला. "आणि माझ्या चादरी? त्या काय पोपच्या खिडकीत वाळवू?"

"या मुलीला भाषा येत नाही," स्काराबेल्ली म्हणाले. तेव्हा एवान्थियाने त्यांच्या हातातला कागद घेतला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून अर्थ सांगितला. स्काराबेल्ली चष्मा पुसत बसले. ठराव पडला. फेरनान्दाबाईंचं मतही विरोधात नोंदलं गेलं.

दातांचा डॉक्टर फेरनान्दाबाईंच्या बहिणीचा नवरा निघाला. शनिवारी बाई स्वतः येऊन थडकल्या.

"तुला हात वर करायला सांगितलं होतं."

"मुखत्यारपत्रात आपण तसं नमूद केलं नव्हतं. आणि माझा भाडेकरार जूनपर्यंत अबाधित आहे."

बाई स्टुलावर चढल्या आणि खोलीतले पडदे काढू लागल्या. "हे माझ्या आईचे आहेत," असं दोनदा म्हणाल्या. एवान्थियाने स्टूल धरून ठेवलं. एवढ्या कोत्या मनाचं माणूस आपल्या खोलीत पडून पाय मोडून घेऊ नये, इतकीच तिची इच्छा होती.

संध्याकाळी पिएरीनाबाई दारात आल्या. आभार वगैरे काही नाही. पेन्शनच्या कचेरीचं पत्र पुढे धरलं. "नोटरीबाई, यात काय म्हटलंय?"

एवान्थियाने चारही पानं उभ्याउभ्याच वाचली. "तुमचा मागचा अर्ज त्यांना मिळाला, असं म्हटलंय."

"एवढंच? चार पानांत?"

"एवढंच."

पिएरीनाबाई खुर्ची ओढून बसल्या. मग दोघींनी मिळून त्या कचेरीला तासभर शिव्या घातल्या, एकीने शुद्ध, दुसरीने अशुद्ध.