टोपी बसेना

बाळाच्या डोक्याला तेल लावून आणू नका, असं मला हॉस्पिटलमधून फोनवर बजावून सांगितलं होतं. ते मी बाबांना सांगितलं होतं. बाबांनी मानही डोलावली होती.

"किती लावलंय?" तपासणी करणाऱ्या बाईंनी विचारलं.

"बोटभर."

"आजोबा, माझा हात घसरतोय."

माझ्या मुलाचं डोकं होडीसारखं लांबट आहे. कवटीची मधली सांध वेळेआधीच जुळून गेली. शस्त्रक्रिया टळणार नव्हती. पण लगेच करायची, की तो जरा मोठा झाल्यावर, हे आज ठरायचं होतं. त्याला झोपवून, तारांची टोपी घालून, कानाशी आवाज वाजवायचे आणि मेंदू कशी दाद देतो ते पाहायचं. तेलावर त्या तारा चिकटत नाहीत.

आई गेल्यापासून त्याची मालिश बाबांनी अंगावर घेतली होती.

"तिला खात्री होती, चोळून गोल होईल म्हणून," ते पुटपुटले.

"तिला तुमच्या टकलावर केस उगवतील याचीही खात्री होती."

बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी.

बाईंनी बेसिनमध्ये कोमट पाणी सोडलं. शाम्पू झाला, परत झाला. पेंगुळलेलं पोरगं टक्क जागं झालं आणि बाईंच्या ओळखपत्राची दोरी चोखू लागलं.

"झोपवा आता. पुढचं बाळ येईपर्यंत वेळ आहे. नाहीतर पुढच्या महिन्यातली तारीख."

मी गाऊन पाहिलं. ती त्याला करमणूक वाटली. मग बाबांनी त्याला खांद्यावर टाकलं आणि बाहेर येरझाऱ्या घालत, एकसुरी आवाजात, गाडीच्या विम्याचे नियम सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या कलमापर्यंतही तो टिकला नाही.

टोपी बसेना. कपाळावर तंग, बाजूंना ढगळ. बाईंनी फीत घेऊन नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत मोजलं, मध्य धरला आणि एकेक तार हातानं चिकटवली. मग कानाशी आवाज सुरू झाले. टुक, टुक, टुक, टिंग. टिंग झालं की पडद्यावरची रेघ उसळायची. मी टिंग मोजत बसले होते.

डॉक्टरांनी येऊन रेघा निवांत पाहिल्या. "वेगळा आवाज बरोब्बर ओळखतोय. दोन्हीकडे सारखा. मेंदूवर ताण दिसत नाही. घाई नको, थोडा वाढू द्या."

ते गेले. बाईंनी तारा सोडवल्या. "उठवा आता."

बाबांनी खुर्ची पाळण्याजवळ ओढली. "आत्ताच डोळा लागलाय हो."

बाहेर पुढचं बाळ रडायला लागलं होतं. बाईंनी दार हलकेच लोटून घेतलं.