अकरा दिवसांची रिकामी जागा

कार्यालय दहाला उघडत असे, पण गेली बारा वर्षे तो आठला पाच मिनिटे कमी असतानाच तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या टेबलाशी येऊन बसत होता. तशी सक्ती कोणी केलेली नव्हती. नदीच्या वरच्या अंगाला, दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर, एका घाटाच्या पायऱ्यांलगत पाण्याची उंची दाखवणारी उभी पट्टी रोवलेली होती. ती वाचणारी बाई रोज सकाळी आठ वाजता आकडा फोनवर कळवत असे. रात्रपाळीचा कारकूनही तो लिहून घेऊ शकला असता. पूरनियंत्रण विभागाच्या आलेखकाराने तो जातीने घ्यावा, हा नियम त्याचा स्वतःचा होता.

"फोनवर दिसतं का रे तुझं तोंड?" दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघालेल्या भावाला थोरली बहीण दाराशी विचारी. बायको गेल्यापासून तो ताईकडेच राहत होता. "नदीची पातळी ऐकायला एवढं नटून कोण जातं?"

"उशीर होतोय, ताई."

"जा बाबा. नदी खोळंबली असेल."

फोन वाजला की पलीकडून ठरलेला प्रश्न येई, "कागदवाले का?"

"बोला, नदीवाल्या."

"एक मीटर बेचाळीस. कालच्यापेक्षा तीन सेंटिमीटर खाली. आणि तो बगळा आजही माझ्याआधी हजर. त्याचं नाव लावा एकदा हजेरीपटावर."

एवढेच बोलणे होई, क्वचित दोन वाक्ये अधिक. खिडकीसमोरच्या दवाखान्याच्या भिंतीवर मोठे घड्याळ आहे आणि ते कायम चार मिनिटे मागे असते, हे त्याने तिला कधीतरी सांगितले होते. तेव्हापासून ती अधूनमधून विचारी, "तुमच्या दवाखान्यात किती वाजले?" दोघांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते.

त्या सोमवारी मुख्य अभियंता बाईंनी त्याला बोलावून घेतले. साऱ्या कार्यालयात त्याला 'फूटपट्टी' म्हणत; त्याही तसेच म्हणत, पण मायेने.

"फूटपट्टी, गुरुवारी समिती बसतेय. घाटावर यंत्र बसवून चार वर्षं झाली. आता पट्टी वाचणाऱ्या बाईंची जागा ठेवायची की रद्द करायची, एवढाच विषय आहे. चार वर्षांचे दोघांचे आकडे एका पानावर दाखवा. ते तीन मिनिटं बघतील आणि चहा मागवतील."

"तुमचं काय मत आहे, मॅडम?"

"माझ्या मताला कोण विचारतो? जे दिसेल त्यावर ठरेल."

तो टेबलाशी परतला आणि कामाला लागला. नेहमीचा साचा उघडला, यंत्राची रेषा निळी केली, तिची काळी. उभा अक्ष शून्यापासून घेतला, मागची जाळी पुसली, रेषांची नावे कोपऱ्यातल्या चौकटीत न देता रेषांच्या टोकाशीच लिहिली. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हेलपाटे पडू नयेत, हे त्याने नोकरीच्या पहिल्या वर्षीच मनाशी ठरवले होते. काम झाल्यावर त्याने पान हात लांब करून धरले. निळी आणि काळी रेषा एकमेकींवर जवळजवळ तंतोतंत बसल्या होत्या. यंत्र तेच सांगते जे बाई सांगते. मग बाई कशाला? समितीला तीन मिनिटेही लागणार नव्हती.

जागा रद्द झाली तर सकाळचे आठ हे साडेसात किंवा सव्वानऊसारखेच होणार होते.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही तो त्या पानासमोर बसून राहिला. मंगळवारी दुपारी त्याची नजर दोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरावर अडली. पुरात बाई रात्रंदिवस दर तासाला पट्टी वाची, त्यामुळे काळी रेषा खाचखळग्यांनी, दम घेत घेत वर गेली होती. निळी मात्र तिच्यामधून एका फटक्यात, सरळ. एकतीस तास सरळ. नदी कधी अशी चढत नाही. त्याने यंत्राच्या मूळ नोंदी उघडल्या. त्या एकतीस तासांच्या रकान्यांत काहीच नव्हते. यंत्राच्या पाइपात गाळ भरला होता आणि ते मुके झाले होते. चार वर्षांत असे पाच वेळा घडले होते, आणि पाचही वेळा पुरात.

रिकामे रकाने रेषेने सांधले कोणी? साच्याच्या मांडणीत 'सुटलेल्या जागा जोडा' या ओळीपुढे खूण केलेली होती. ती खूण त्याची होती.

आठवायला वेळ लागला नाही. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात अकरा दिवस आठचा फोन आला नव्हता. बाराव्या दिवशी तिचा आवाज आला, "अकरा दिवसांचे आकडे नाहीत. आई आजारी होती. गेली." तो फक्त "बरं" म्हणाला होता. त्या "बरं"ची लाज त्याला पुढे कित्येक महिने पुरली. वार्षिक अहवालात तिच्या रेषेत ती फट दिसली असती, तिला खुलासा मागितला गेला असता. मोजले नाही तिथे रेषा ओढायची नाही, हा त्याचा नियम. तो त्याने आयुष्यात एकदाच मोडला. उन्हाळ्यातले पाणी हलत नव्हते, जोडलेली रेषा कोणाला खटकणार नव्हती. तिच्यासाठी दुसरे काही करता येत नव्हते म्हणून त्याने ती खूण केली, आणि मग प्रत्येक अहवाल त्याच साच्यातून निघत गेला. तिची एक फट झाकायला टाकलेल्या पांघरुणाखाली यंत्राच्या पाचही फटी तीन वर्षे सुखाने झोपल्या होत्या.

आता इलाज सोपा होता. यंत्राच्या रेषेपुढची खूण काढायची, तिच्या रेषेपुढची तशीच ठेवायची. दोन्ही रेषांना वेगळे नियम लावणे सॉफ्टवेअरला दोन क्षणांत जमत होते. न थकणारी, न चुकणारी बाई आणि पाच वेळा दगा दिलेले यंत्र असे पान समितीपुढे गेले असते, आणि आठचा फोन बाराही महिने चालू राहिला असता. तसे पान त्याने करून पाहिले. ते फार सुंदर दिसत होते.

बुधवारी आठ वाजता त्याने पातळी लिहून घेतली आणि फोन ठेवू दिला नाही.

"एक विचारायचं होतं. उद्या तुमच्या जागेचा निर्णय आहे."

"माहीत आहे की. पत्र आलंय."

त्याने सगळे सांगितले, खुणेबद्दलही.

"म्हणजे माझे अकरा दिवस तुम्ही भरून काढले होते?"

"हो."

"मला न विचारता."

"चुकलंच माझं."

"चुकलं तर खरंच." मग तिचा आवाज जरा खाली आला. "ते अकरा दिवस मी तुमच्याच गावात होते. तुमच्या समोरच्या दवाखान्यात. घड्याळ ओळखलं मी, चार मिनिटं मागे. आईच्या खाटेजवळून तिसरा मजला दिसायचा. सकाळी पावणेआठनंतर एकाच खिडकीत दिवा लागायचा."

त्याने नकळत खिडकीबाहेर पाहिले. "मग आला का नाहीत? रस्ता ओलांडायचा होता फक्त."

"येऊन सांगणार काय? पातळी घेऊन आले नव्हते."

त्याने टेबलावरचे पान जवळ ओढले.

"ते दिवस रिकामेच असू द्या," ती म्हणाली. "तिथे मी नदी पाहिली नाही, आई पाहिली. त्यावर रेघ नको ओढायला. यंत्राचं काढताय, तर माझंही काढा."

"तुमची जागा जाईल कदाचित."

"जाईल तर जाईल. पण पान खोटं नको. बारा वर्षं मी तुम्हाला एक सेंटिमीटर इकडचा तिकडे सांगितला नाही."

गुरुवारी समितीसमोर जे पान गेले त्यावर एकाखाली एक दोन पट्टे होते, दोघांचे माप एकच. वर यंत्र, खाली बाई. रेषा जिथे नोंद होती तिथेच. वरच्या पट्ट्यात पाच फटी, पाचही पुराच्या शिखरांवर, आणि त्यांच्या बरोबर खाली तिचे ताशी वाचनाचे ठिपके रात्रंदिवस चढत गेलेले. खालच्या पट्ट्यात उन्हाळ्यात एक रुंद पांढरी जागा आणि तिथे बारीक अक्षरांत 'वाचन नाही'. माथ्यावर त्याने एकच वाक्य लिहिले होते: पुरात यंत्र पाच वेळा थांबले, माणूस थांबला नाही.

"आणि हे अकरा दिवस काय?" एका सदस्याने बोट ठेवून विचारले.

"त्या दिवसांत मोजणी झाली नाही. घरात आजारपण होतं."

"पण वर यंत्राची रेषा आहे की तेव्हाची."

"आहे. उन्हाळ्यात यंत्र कधी थांबलेलं नाही."

हे सांगताना काय होणार ते त्याला कळून चुकले होते. पानच ते सांगत होते, इतके स्वच्छ की कोणाला वाद घालावासा वाटला नाही. पुराचे चार महिने बाईंनी वाचावे, उरलेले आठ महिने यंत्र पुरे. जागा राहिली, एक तृतीयांश.

बाहेर पडताना मुख्य अभियंता बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "इतकं समजेल असं पान मी पाहिलं नव्हतं, फूटपट्टी." तो मान डोलावून जिन्याकडे वळला.

पुराचे महिने त्या वर्षी भरभर गेले. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "दोन मीटर दहा. उतरतंय. उद्यापासून यंत्राला विचारा." बगळ्याबद्दल काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशीही त्याने दाढी केली. ताईने दाराशी पाहिले, पण थट्टा केली नाही. डबा मात्र स्वतः हातात दिला. आठ वाजले, मग दवाखान्याच्या घड्याळातही वाजले. यंत्राचा आकडा पडद्यावर आपोआप उमटला होता. शेजारचा तिचा रकाना रिकामा होता आणि तो त्याने रिकामाच ठेवला. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी त्याने स्वतः नंबर फिरवला. बारा वर्षांत त्या दिशेने हा पहिलाच फोन होता. बऱ्याच वेळाने तो उचलला गेला. तिला धाप लागली होती, पायऱ्या चढून आली असावी.

"कागदवाले? काय झालं? यंत्र बंद पडलं का?"

"नाही. यंत्र चालू आहे."

"मग पातळी हवी का? आत्ताच पाहून आले. सवय जात नाही."

"पातळी नाही विचारायची आज."

पलीकडे पाणी वाहत होते. समोर दवाखान्याच्या घड्याळाचा काटा एक घर पुढे सरकला.

"मग विचारा," ती म्हणाली.