दार उघडं ठेवून झोपणं

दोन्ही मुलं एकाच कर्नलच्या हाताखाली कामाला आहेत, असं आई वीस वर्षं शेजाऱ्यांना सांगत आली होती. कर्नेल म्हणजे संगणकाच्या आतला कारभारी, बाकीचे सगळे प्रोग्रॅम ज्याच्या परवानगीने चालतात तो, हे थोरल्याने तिला दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा नाद सोडला. आईचं म्हणणं एवढंच, की इतकी वर्षं झाली, साहेबांनी एकदा तरी घरी यायला हवं होतं.

थोरला, म्हणजे दादा, कर्नेलचा कोड लिहायचा. धाकटी तो तपासायची. धाकटीला घरात चिंगी म्हणत. ती सेहेचाळीस वर्षांची होती आणि तिला दोन चष्मे लागत, तरी त्यात फरक पडला नव्हता. कामावर तिला चाळणी म्हणत, पण तोंडावर नाही. दादा आणि आई वरच्या मजल्यावर राहायचे, ती खालच्या. कोडमधला प्रत्येक बदल, म्हणजे पॅच, मात्र जिन्याने खाली येत नसे. दादा तो सगळ्यांना दिसेल असा मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांच्या ईमेलवर, टाकायचा आणि ती तिथेच उत्तर द्यायची, अगदी अहो-जाहो करून. "आपला पॅच पाहिला. ओळ चारशे बाराचे प्रयोजन समजले नाही." मग ती चहाला वर गेली की दादा विचारायचा, "चारशे बारात न समजण्यासारखं काय आहे गं?"

"लिस्टवर विचार," ती म्हणायची आणि बिस्किट घ्यायची.

काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. पॅच पटला तर त्याच्याखाली आपलं नाव द्यायचं, नाही पटला तर त्याला नावं ठेवायची. तिने नाव दिलेले पॅच मोजके होते आणि नावं ठेवलेले ढीगभर. त्यामुळेच तिच्या नावाला वजन होतं, आणि त्यामुळेच तिला कोणी लग्नाला बोलवत नसे.

दादाचा या वेळचा पॅच अकराव्यांदा आला होता. विषय प्रोसेसरमधल्या एका कुलपाचा होता. कर्नेल कितीही मोठा कारभारी असला तरी त्याने साध्या प्रोग्रॅमच्या मेमरीत हवं तेव्हा हात घालू नये, म्हणून प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच तिथे दार बसवलं आहे. एका सूचनेने दार उघडायचं, दोन-चार ओळींचं काम उरकायचं आणि दुसऱ्या सूचनेने ताबडतोब लावून घ्यायचं. मधल्या वेळात काय वाटेल ते करा, पण झोपायचं नाही. या धंद्यात झोपणं म्हणजे कशाची तरी वाट बघत थांबणं आणि तोवर प्रोसेसर दुसऱ्याच्या हाती देणं. दार उघडं ठेवून झोपलात तर त्या दुसऱ्याला ते आयतंच उघडं मिळतं, आणि तो कोण असेल ते काही सांगता येत नाही.

कर्नेलच्या या भागात कोणता पॅच आत घ्यायचा ते ठरवणारा म्हातारा राखणदार महिनाअखेर काम सोडणार होता. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पॅच आत गेला तर त्याची जागा दादाला मिळणार, असं सगळ्यांनी धरलंच होतं. नाही गेला तर ती दुसऱ्या एका हुशार माणसाला मिळणार होती. त्याला दादा सहा वर्षं नुसतं 'तो कंपनीवाला' म्हणत होता. दादा चोपन्न वर्षांचा होता. ही जागा पुन्हा रिकामी होईपर्यंत तो स्वतःच निवृत्त झाला असता.

"पास कर ना गं त्याला," आई चहा ओतताना म्हणाली. "सख्खा भाऊ आहे. एकाच परीक्षेला किती वेळा बसवशील?"

"पेपरात चूक नसली की पास, आई."

"मग चूक शोधायचीच कशाला?" आईने हे मनापासून विचारलं होतं, म्हणून चिंगीने आणखी एक बिस्किट घेतलं.

गुरुवारी दुपारी तीनला चिंगी शेवटच्या पानावर आली. दार उघडल्यावर आणि लावण्याआधी दादाने एक फंक्शन, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला कोडचा तुकडा, बोलावलं होतं. त्या फंक्शनच्या डोक्यावर टीप होती: हे कधीही झोपत नाही. टीप चिंगीची होती, नऊ वर्षांपूर्वीची, आणि तेव्हा ती खरी होती. सात वर्षांपूर्वी त्याच फंक्शनमध्ये कोणीतरी एक ओळ वाढवली होती, की मेमरी कमी पडली तर मिळेपर्यंत थांबावं. टीप तशीच राहिली होती. ओळ वाढवणाऱ्याचं नाव बघायला तिने इतिहास उघडला. तिथेही चिंगीच होती.

तिने चष्मा बदलला. दुसऱ्या चष्म्यातूनही तेच दिसलं.

तिला लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. कोड बदलून टीप न बदलणाऱ्यांना तिने आजवर किती झापलं होतं त्याचा हिशोब नव्हता. एकाने तर नोकरी सोडून बेकरी काढली होती. आता दुरुस्ती दोन ओळींची होती, पण दुरुस्तीनंतर आठवडाभर चाचण्या घ्यायच्या असा नियम होता, म्हणजे शुक्रवार गेला. तिच्या चुकीपायी दादाची जागा गेली. ती उठून वर गेली. चहाची वेळ नव्हती, त्यामुळे दादा दारातच चपापला.

"दादा, ते फंक्शन झोपतं. माझी टीप चुकीची आहे. तुला माझ्यामुळे..."

"माहीत आहे मला," दादा म्हणाला.

चिंगीने चष्मा काढला.

"तीन आठवडे झाले," दादा म्हणाला. "आधी वाटलं, तुला सांगावं. पण सांगायचं ते लिस्टवर. तिथे तुझी शोभा झाली असती. सगळे टपलेलेच असतात तुझ्यावर. आणि मेमरी इतकी कमी कधी पडते गं? लाखात एकदा."

"म्हणून तू भोक आहे हे माहीत असून पॅच पाठवलास."

"तुझं नाव राहावं म्हणून."

"आणि जागा?"

दादाने टेबलावरचे कागद एकावर एक नीट रचले. "तीही," तो म्हणाला.

तिला त्याचा राग आला आणि गहिवरूनही आलं. ती खाली आली. सुरक्षेतला दोष कळवायचा एक फॉर्म असे, तो तिने उघडला. दोष काय, तिने लिहिलं. दोष मुळात कोणाचा, तिथे स्वतःचं नाव लिहिलं, दोन्ही तारखांसकट. हे भरायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. पुढचा प्रश्न होता: पॅच लिहिणाऱ्याला दोषाची कल्पना होती का? खाली दोनच चौकोन, हो आणि नाही. आजवर इथे ती डोळे झाकून खरं ते लिहीत आली होती. आता 'हो' लिहिलं तर जागाच काय, दादाचा कोड पुन्हा कोणी उघडून पाहिला नसता. वरून आईच्या वावरण्याचा आवाज येत होता. चिंगी पाऊण तास बसून होती. मग तिने 'नाही'वर खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला.

फॉर्म लिस्टवर लागला आणि तिची भरपूर शोभा झाली. बेकरीवाल्याने खास परत येऊन एक मेल टाकला, आणि तो सभ्य होता हे जास्त लागलं. जागा कंपनीवाल्याला मिळाली. त्याने पहिल्याच मेलमध्ये दादाच्या प्रामाणिक मेहनतीचा उल्लेख केला.

दहा दिवसांनी बारावा पॅच आला. चिंगीने तो दोनदा वाचला. फंक्शन दाराबाहेर नेलं होतं, टीप दुरुस्त होती, प्रत्येक वाटेवर दार लागत होतं. बोट ठेवायला जागा नव्हती. तिने उत्तर लिहिलं: "कृपया दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावे. या लेखकाचे पॅच यापुढे माझ्याकडे पाठवू नयेत."

पाच मिनिटांत दादा जिना उतरून आला. कामासाठी तो खाली असा पहिल्यांदाच येत होता.

"आता काय चुकलंय त्यात?"

"काही नाही. चांगला आहे."

"मग नाव दे ना."

"त्या फॉर्ममध्ये मी 'नाही' लिहिलं, दादा."

"माझ्यासाठीच लिहिलंस ना?"

"हो," चिंगी म्हणाली. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन. मग तुझ्या पॅचखाली माझ्या नावाला वजन काय?"

दादाला हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला, आणि बराच वेळ दोघंही पडद्यावरच्या त्या निर्दोष पॅचकडे बघत राहिली.