वर येण्याची खूण

ताई मोटार चालवायला शिकवायची. शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसता बसता तिला एक कळलं होतं: घाबरलोय म्हणणारा सहसा गाडी ठोकत नाही, ठोकतो तो ‘मी कुठे घाबरलोय?’ म्हणणारा. आणि तिची धाकटी बहीण पक्की या दुसऱ्या पंथातली. लहानपणी पाय मोडला, तरी ‘मुरगळलाय नुसता’ म्हणत बाईसाहेब लंगडत शाळेत गेल्या होत्या. आता तिने स्कूबा शिकून समुद्राच्या तळाशी जायचं मनात घेतलं होतं. ती कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती, स्वतःच्या तर नाहीच नाही.

“शीक,” ताई म्हणाली, “पण दुकान मी शोधणार.”

पहिल्या दुकानात भिंतभर माशांचे फोटो होते आणि मालकाच्या जिभेवर साखर. ताईने विचारलं, “खाली गेल्यावर कुणी घाबरलं तर?”

“आमच्याकडे कुणी घाबरतच नाही, ताई.”

ताईने त्याच्या नावावर तिथल्या तिथे काट मारली. दुसऱ्या दुकानातला शिक्षक म्हणाला, “हात धरून खाली नेतो. मासे दिसले की भीती पळते.” ताई पर्स उचलून बाहेर.

“तुला नुसती खोट काढायचीय,” धाकटी वैतागली.

“हो. आणि जिथे निघणार नाही, तिथे तुला घालायचंय.”

तिसरं दुकान टायरवाल्याच्या मागच्या बोळात होतं. एक वयस्कर बाई टबात रबरी सूट धूत होत्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. ताईचा प्रश्न ऐकून त्यांनी मानही वर केली नाही.

“घाबरतातच. मीही घाबरते. म्हणून आधी पोहण्याच्या तलावात उतरवते. नकोसं वाटलं की अंगठा वर करायचा, म्हणजे वर चला. का, ते मी विचारत नाही. पण ज्याला ही खूण करता येत नाही, त्याला समुद्र नाही.”

पहिल्या दिवशी धाकटीने पाण्याखाली मास्क काढून परत चढवला. वर आली ती खोकत, लालबुंद डोळ्यांनी. “मजा आली,” म्हणाली.

“खाली तुमचा श्वास धावत होता,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “बुडबुडे दिसतात मला. उद्या परत.”

धाकटीचं डोकं फिरलं. “मी पहिल्या दुकानात जाते. ते या रविवारीच समुद्रात नेतायत.”

“नेतील ग. परत आणतील का?” ताईचा आवाज चिरकला. “मला तू परत हवीयस.”

दुसऱ्या दिवशी ताई तिची पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि तिला घेऊनच हलली.

तलावाच्या काठावर बसून ताई खाली टक लावून बघत होती. धाकटीने मास्क काढला. बुडबुडे एकदम उसळले, दाटले. मग पाण्यात एक अंगठा वर झाला, चांगला हातभर उंच.

धाकटी आणि मास्तरीणबाई सावकाश वर आल्या. मास्तरीणबाईंनी काही विचारलं नाही. धाकटी काठाला धरून धापा टाकत राहिली.

“ताई,” ती म्हणाली, “मला भीती वाटली.”

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ताईने तिच्या तोंडून हे ऐकलं. तिने खाली वाकून तिचे ओले केस कपाळावरून मागे सारले आणि मास्तरीणबाईंना म्हणाली, “आता न्या हिला समुद्रात.”