तळ्यातले लाल ठिपके

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. भिंतीवरचा नाही हं, संगणकाच्या पडद्यावरचा, बोट लावलं की उघडणारा. ऑस्ट्रेलियातल्या तालबिन गावच्या वाचनालयात, खिडकीशेजारच्या काचेच्या मेजावर माझा मुक्काम आहे.

मला घडवलं लिअ‍ॅन या ग्रंथपालबाईंनी. वाचनालयात जुन्या छायाचित्रांची खोकीच्या खोकी होती. कुठलं चित्र कुठे काढलं हे म्हाताऱ्यांना विचारून विचारून त्यांनी माझ्यावर तिथे तिथे लाल ठिपका दिला. ठिपक्याला बोट लावलं की चित्र समोर. काय दिवस होते ते! मेंढ्या हाकून आलेले लोक तशाच मळक्या बोटांनी मला टोचायचे, मुलं लॅमिंग्टन केकचा चुरा सांडायची. मला भारी आवडायचं.

गावातल्या म्हाताऱ्या डोरीनबाई मात्र थेट तळ्यातल्या ठिपक्यांवर बोट ठेवायच्या. धरण झालं तेव्हा जुनं तालबिन त्या पाण्याखाली गेलं. त्यांच्या आईचं एकुलतं एक चित्र तिथलंच, बेकरीच्या दारातलं.

पुढे लिअ‍ॅनबाई निवृत्त झाल्या, खोकी शहरातल्या गोदामात गेली. माझ्याकडे कोणी फिरकेना. मग माझी साफसफाई करायला ग्रॅहॅम नावाचे साहेब आले. नकाशेवाल्यांचा एक ठरलेला नियम असतो, जमिनीवरच्या वस्तूचा ठिपका पाण्यात पडला तर तो चुकीचा. त्यांनी तळं पुसून लख्ख केलं. मी ओरडणार कसा?

त्याच आठवड्यात डोरीनबाई धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. मेविसबाई लांब पर्थला राहायच्या. त्यांची नजर झपाट्याने जात होती आणि ती पूर्ण जायच्या आत त्यांना आईला एकदा पाहायचं होतं. डोरीनबाईंनी तळ्यावर बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. नुसतं निळं पाणी.

"डोरे, तुला भलताच नकाशा लावून दिलाय," मेविसबाई हसून म्हणाल्या.

ग्रॅहॅमसाहेब धावत आले. आपण नियमानेच ठिपके काढल्याचं त्यांनी समजावलं. "डोरीनबाई, पाण्यात फोटो कोण काढणार?"

"अरे बाबा, पाणी नंतर आलं," डोरीनबाई म्हणाल्या. "आधी आम्ही होतो."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी माझी जुनी प्रत शोधून काढली आणि दुपारचा चहा थंड होईपर्यंत एकेक ठिपका परत तळ्यात बसवला.

मित्रांनो, आज माझी काच तडकली आहे आणि तुमच्या सगळ्यांच्या हातात माझ्याहून चलाख नकाशे आहेत. त्याचं मला वाईट वाटत नाही. एवढंच मागतो, जुनं काही चुकीचं दिसलं तर पुसायच्या आधी तिथल्या माणसांना विचारा.

त्या दुपारी मेविसबाईंनी माझ्या काचेला नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं. मग बहिणीचा हात चाचपडत धरून म्हणाल्या, "अगं, किती लहान होती गं आपली आई."